सेनापतीच्या समाधीवरचे दगड

सिद्रामचा फोन आला आणि मी पिशवी भरली. सिद्रामप्पा म्हणजे मैंदर्गीच्या शाळेत माझ्या बाकावर बसणारा. "अमावस्येला ये. गाव दगड टाकायचं बंद करणार हाय. पंचांनी शब्द दिलाय," एवढंच म्हणाला. या वयात कुर्डुवाडी सोडायला मला तेवढं पुरलं.

सकाळच्या गाडीनं सोलापूर गाठलं. तिथे कडक भाकरी आणि शेंगाची चटणी जरूर खा. दही मात्र आधीच मागून ठेवा. पुढे अक्कलकोट, मैंदर्गी एसटीनं. पंचाहत्तरी उलटलेल्यांना तिकीट नाही, आधार कार्ड तेवढं जवळ हवं. मैंदर्गीहून सिद्रामच्या गावाला वडाप, म्हणजे माणसं कोंबून भरलेली रिक्षा. दोन्हीकडे तूर फुललेली. शाळेत पाठ केलेलं एकेक कडवं आपोआप ओठांवर येत होतं.

ज्यासाठी गेलो, ती गोष्ट अशी. इथे दोन भावांत गादीवरून युद्ध पेटलं, तेव्हा सिद्रामचा पूर्वज थोरल्याचा सेनापती होता. त्यानं धाकट्याशी आतून संधान बांधलं आणि गढीचा दरवाजा उघडला. गादी मिळताच धाकट्यानं पहिलं त्यालाच मारलं. एक दरवाजा उघडणारा दुसराही उघडेल, म्हणून. वेशीबाहेर पुरलं आणि हुकूम काढला, जाणाऱ्या-येणाऱ्यानं याच्यावर दगड टाकायचा. सिद्रामच्या घरात वेगळं सांगतात: गढीतली विहीर आटली होती, लेकरं तडफडत होती, म्हणून त्यानं कट केला. खरं काय, कोण जाणे. पण तेव्हापासून त्या घरचा माणूस दर अमावस्येला दगड वेचून समाधी मोकळी करतो. आता वेचणारा एकटा सिद्राम उरलाय. मुलगा चिंचोळीला कारखान्यात. त्याला यात रस नाही.

शाळेत फितुरांच्या कविता मी हातवारे करून म्हणत असे. कवितेत फितूर एका ओळीत मरतो आणि पुढचं कडवं सुरू होतं. इथे पुढचं कडवं आलंच नव्हतं.

अमावस्येच्या सकाळी आम्ही दोघांनी पाट्या भरभरून दगड बाजूला टाकले. खालून काळी शिळा निघाली. सिद्रामनं ती धुतली, विभूती लावली. पंच आले, नारळ फुटला, झेंडूचा हार चढला. "बघ, मोकळा झाला," सिद्राम मला म्हणाला.

तेवढ्यात वडाप आलं. ड्रायव्हरनं ब्रेक मारला, खाली उतरून दगड उचलला आणि टाकला. हार तुटला.

"अरे ए!" सिद्राम ओरडला. "बंद झालंय न्हवं आजपासून?"

"रागावू नगा की, अप्पा. आमी काय त्याला मारतो व्हय? गाडी सुखरूप जावी म्हणून टाकतो."

"तो कोण होता, ठावं हाय का तुला?"

"कोण म्हंजे? वाटंवरचा देव!"

आतल्या दोन बाया उतरल्या. दगड कपाळाला लावून त्यांनी शिळेवर हळूच ठेवले. वर नमस्कारही केला. सिद्रामनं पंचांकडे पाहिलं. सगळ्यांत वडीलधारे पंच अक्कलकोटला निघाले होते. मोटारसायकलला किक मारायच्या आधी त्यांनीही एक खडा टाकला. "सवय हाय, अप्पा. मनाला घेऊ नगा."

सिद्राम खालीच बसला. "शिव्या देत व्हते, तवर माफी मागता येत व्हती," तो म्हणाला. "आता कुणाला मागू? साकु." साकु म्हणजे पुरे. राग आवरेना की तो शाळेतही कानडीत बोलायचा. आज राग नव्हता.

मला एवढ्या कविता पाठ, पण तिथे म्हणण्याजोगी एकही ओळ सुचली नाही.

दुसऱ्या दिवशी सिद्राम सोडायला आला, समाधीपर्यंतच. त्याच्या हातात पाटी नव्हती. शिळा अर्धी झाकली होती. माझ्या वडापच्या ड्रायव्हरनं दगड उचलला आणि सिद्रामला पाहून तसाच थांबला.

"टाक बाबा," सिद्राम माझ्याकडे हात करत म्हणाला. "याला लई लांब जायचंय."

मी तोंड फिरवलं. आवाज ऐकू आलाच.

घरी पोचल्यावर सुनेनं पाण्याचा तांब्या पुढे केला. "प्रवास कसा झाला, बाबा?"

"सुखरूप," मी म्हणालो.