वातीसारखी वळलेली चिठ्ठी

चंदनसारची आमची सोसायटी नवी होती तेव्हाची गोष्ट. बोअरवेलला मोटर बसवायची म्हणून गणपतीत लकी ड्रॉ ठेवला. पहिलं बक्षीस रंगीत टीव्ही. आदल्या वर्षी सोडत सुरू झाल्यावरही आम्ही तिकिटं विकत होतो आणि त्यावरून जिन्यात महिनाभर भांडणं चालली होती. म्हणून या वेळी नियम करायला एक माणूस नेमला. तो मी. ऑफिसात मला स्टेपलरच्या पिनासुद्धा सही करून मिळायच्या; इथे नियम करायचा अधिकार हातात आला म्हटल्यावर मी अख्खा रविवार खर्ची घातला.

आरतीची घंटा वाजली की विक्री बंद. एका घराला पाचच तिकिटं. कमिटीवाल्यांनी एकही घ्यायचं नाही. आणि माझा सगळ्यात लाडका नियम असा: तिकिटाचा अर्धा भाग ज्याचा त्याने दुमडून स्वतःच डब्यात टाकायचा. कमिटीचा हात लागायलाच नको!

"पलंगावर टाकलेल्या ओल्या टॉवेलचाही एखादा नियम करा," बायको म्हणाली.

चौथ्या दिवशी आरतीनंतर नाक्यावरच्या डॉक्टरीणबाईंच्या डोळ्यांना रुमाल बांधला. त्यांनी तेलाच्या रिकाम्या डब्यात हात घातला आणि चिठ्ठी काढली. तळमजल्यावरच्या मावशींचा नंबर!

मावशी एकट्या राहायच्या. त्यांच्या जुन्या टीव्हीचं चित्र केव्हाच गेलं होतं, नुसता आवाज यायचा. मालिकेतली सून रडते की हसते, हे त्या अंदाजाने ठरवायच्या. त्यांनी गणपतीला हात जोडले, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. माझ्या टाळ्या सगळ्यात मोठ्या होत्या.

तेवढ्यात दुसऱ्या मजल्यावरचे बँकवाले पुढे आले. "चिठ्ठी बघू जरा. ही दुमडलेली कुठेय? ही तर वळलीय."

खरंच, चिठ्ठी वातीसारखी घट्ट वळलेली होती.

"अहो, सकाळपासून वातीच वळत होते," मावशी म्हणाल्या. "कागद हातात आला, तोही वळला. त्यात काय एवढं?"

डॉक्टरीणबाईंनी रुमाल सोडला. "खरं सांगू? बाकी सगळ्या चपट्या होत्या. ही हाताला कडक लागली, म्हणून हीच आली."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मावशींची लबाडी नव्हती, डॉक्टरीणबाईंचीही नव्हती. चूक माझ्या लाडक्या नियमाची होती. दुमडायचं म्हणजे कसं, हे मी लिहिलंच नव्हतं.

"जाऊ दे ना," कोणीतरी म्हणालं, "एकट्या बाई आहेत."

मलाही तेच वाटत होतं. पण आज सोडलं असतं, तर पुढच्या वर्षी अख्ख्या सोसायटीने वाती वळल्या असत्या. मी डबा सतरंजीवर उपडा केला. सगळ्यांसमोर एकेक चिठ्ठी उलगडून सरळ केली आणि बरोब्बर दोन घड्या घालून परत टाकली. प्रसादाचा शिरा गार झाला, दोघातिघांनी मला हिटलर म्हटलं. आज कोणी विचारलं तरी मी तेच करीन.

पुन्हा सोडत काढली. टीव्ही निघाला वरच्या मजल्यावरच्या भाडेकरूला. त्याच्याकडे आधीच एक होता.

मावशींनी गणपतीला परत हात जोडले आणि घरी गेल्या. तेच मला जास्त लागलं.

दुसऱ्या दिवशी साडेआठला आमची बेल वाजली. दारात मावशी, हातात स्वतःचा पाट. त्या थेट आत आल्या, टीव्हीसमोर पाट मांडला. मी बातम्या बघत होतो. त्यांनी माझ्या हातातला रिमोट काढून घेतला.

"नियम तुझा ना? मग टीव्हीपण तुझाच."

मालिका साडेदहापर्यंत चालल्या. मध्येच मी, ती सून रडतेय की हसतेय, असं विचारलं, तर मावशींनी मला गप्प बसायला सांगितलं. पुढे चार वर्षं आमच्याकडच्या बातम्या साडेआठला संपायच्या.