नाकूला वास आला

तिचं खरं नाव शाळेच्या दाखल्यावर होतं आणि तिथंच राहिलं. घरात, जिन्यात, कामावर, सगळीकडे ती नाकू. चार वर्षांची असताना एका लांबच्या मामांच्या मांडीवर बसून तिनं भरल्या बैठकीत जाहीर केलं होतं, "मामांच्या खिशात पेपरमिंट आहे, आणि मामांनी आज दात घासले नाहीत." दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या. मामा कानापर्यंत लाल झाले, आईनं कपाळाला हात लावला, आणि बाबांनी हसू दाबत त्याच दिवशी पोरीचं नाव बदलून टाकलं.

पुढं हेच नाक तिला कामाला लावून गेलं. चोविसाव्या वर्षी नाकू एका मोठ्या लॉन्ड्रीच्या काउंटरवर उभी होती. डाग कशाचा आहे हे कळलं तरच तो निघतो, आणि गिऱ्हाइकाला ते कधीच आठवत नसतं. मग नाकू कपडा नाकाशी धरायची. "शाई नाही हो ही, खोकल्याचं औषध आहे." "हे सायकलच्या साखळीचं तेल." एकदा एक बाई नवऱ्याचा शर्ट घेऊन आल्या. नवरा शेजारीच उभा. "ऑफिसातली कॉफी सांडली म्हणतात हे." नाकूनं हुंगलं आणि सहज म्हणाली, "कॉफी आहे. चॉकलेट केकपण आहे." त्या गृहस्थांना डॉक्टरांनी साखर बंद केली होती हे तिला काय माहीत! ते पुन्हा काही त्या लॉन्ड्रीची पायरी चढले नाहीत. बाई मात्र दर आठवड्याला त्यांचे सगळे शर्ट घेऊन येऊ लागल्या.

असं चाललेलं असताना तिला चार दिवसांचा ताप आला. पाचव्या दिवशी बरं वाटलं म्हणून ती उठली, शेगडीवर दूध ठेवलं आणि तिथंच उभं राहून पेपर वाचू लागली. थोड्या वेळानं आई न्हाणीघरातून ओरडली, "अगं, दूध करपलं! आहेस कुठं?"

नाकू पातेल्यापासून हातभर अंतरावर होती. दूध जळून काळं झालं होतं, धूर छताला लागला होता, आणि तिच्या नाकाला त्याची गंधवार्ताही नव्हती.

सर्दीनं चोंदलं असेल, असं सगळे म्हणाले. पण नाक चोंदलं नव्हतं. श्वास आरपार जात होता, फक्त त्याच्याबरोबर काहीच येत नव्हतं. जेवण पुठ्ठ्यासारखं लागायला लागलं. कांदा कुरकुरीत पाणी, आणि चहा नुसता गरम.

कामावर तिनं दोन आठवडे कुणाला पत्ता लागू दिला नाही. गिऱ्हाइकालाच गोड बोलून डागाची माहिती काढायची आणि मान डोलवायची. मग एके दिवशी गॅरेजवाल्याचे तेलकट कपडे आणि दातांच्या डॉक्टरांचे पांढरे एप्रन तिनं एकाच मशीनमध्ये लोटले. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांचा फोन आला. "माझ्या खुर्चीत बसणारा प्रत्येक पेशंट विचारतोय, डिझेल कुठं सांडलंय?"

मालकीणबाईंनी फोन ठेवला आणि नाकूकडं नुसतं पाहिलं. मालकीणबाई म्हणजे दणदणीत प्रकरण. आवाज असा की मशीन चालू असतानाही शेवटच्या टेबलापर्यंत पोचायचा. पण त्या दिवशी हळूच म्हणाल्या, "किती दिवस झाले?"

नाकूला रडू फुटलं. "पंधरा."

"आधी बोलायला काय झालं होतं? डोळे पूस. नाक रजेवर गेलंय, तू नाहीस. उद्यापासून घड्या घालायच्या."

अशी ती मागच्या खोलीत गेली. तिथं इस्त्रीच्या टेबलाशी वाफकाका असायचे. तीस वर्षं वाफेच्या इस्त्रीत काढलेला माणूस. चष्म्यावर कायम धुकं, आणि बोलणं इतकं कमी की नवीन लोकांना ते रागावलेत असं वाटायचं. पण नाकूची हकिगत कळली आणि त्यांना एकदम वाचा फुटली. इस्त्री फिरवता फिरवता ते रेडिओवर सामन्याचं वर्णन करावं तसं तिला वास सांगू लागले.

"समोरच्या पाववाल्याची पहिली भट्टी निघाली बरं का. आज जरा जास्त भाजलाय. दाराशी कुणीतरी संत्रं सोलतंय. आणि मालकीणबाई आत येतायत, सेंट नवीन आहे. फार झालाय."

नाकू डोळे मिटून ऐकायची. तिच्यासाठी ते एवढं बोलतात हेच तिला खूप वाटायचं.

आणखी एक बदल झाला होता. लॉन्ड्रीत येणारं जे जे म्हणून दुर्गंधीयुक्त, ते ते आपोआप नाकूच्या टेबलावर यायला लागलं. बाकीचे नाक मुरडून लांब पळायचे आणि नाकू गाणं गुणगुणत गाठोडी सोडायची. तिचा काहीच तोटा नव्हता.

नाक-कान-घशाच्या डॉक्टरांनी चार बाटल्या दिल्या होत्या. गुलाब, लिंबू, लवंग, निलगिरी. सकाळ-संध्याकाळ हुंगायच्या आणि तो वास आठवायचा. येईल, कदाचित येणारही नाही, वाट बघा, असं त्यांचं म्हणणं. बाबांना वाट बघवेना. ते लाकडी सामानाला पॉलिश करायचे. कामावरून आले की हात धुऊन आधी बाटल्या काढायचे, तिच्या नाकाखाली धरायचे आणि विचारायचे, "आला?"

"नाही."

असं रोज. एकदा त्यांचा चेहरा बघवेना म्हणून नाकू खोटंच म्हणाली, "आला, बाबा! थोडासा. लवंग!"

बाबांनी हात वर करून खोलीभर दोन गिरक्या घेतल्या. आई दारातून म्हणाली, "झाकण तर उघडा आधी."

असे नऊ महिने गेले. आणि दहाव्या महिन्यातल्या एका मंगळवारी, सकाळी अकराच्या सुमाराला, फुटबॉल क्लबचे मोजे आले. चिखलात सामना खेळून, ओले तसेच प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंबून, चार दिवस गाडीच्या डिकीत विसरलेले बावीस जोड. काउंटरवरच्या मुलीनं पिशवी दोन बोटांत धरून पळतच आणली, नाकूच्या टेबलावर टाकली आणि तशीच पळाली.

नाकूनं गाठ सोडली. पहिला मोजा उलटा केला. दुसरा केला. तिसऱ्याला तिचा हात थांबला.

कपाळाच्या आत, भुवयांच्या मागे, काहीतरी हललं. खूप दिवस बंद असलेल्या खोलीचं दार कुणीतरी बाहेरून ढकलावं तसं. तिनं श्वास रोखला. मग हळूच घेतला. मग मोजा नाकाला लावून छाती भरून घेतला.

"काका!" तिनं किंकाळी फोडली. "काका, घाण!"

वाफकाका दचकले. "कुठं? काय झालं?"

"ही काय! मोज्यांना! काय घाण आहे हो काका! अहो, काय सुंदर घाण आहे!"

तिनं दोन्ही हातांनी मोजे उचलले आणि त्यात तोंड खुपसलं. चिखल, घाम, रबर, कुजकं गवत, सगळं एकदम नाकात घुसलं. डोळ्यांतून पाणी आलं, आणि ती खदाखदा हसायला लागली. काका इस्त्री सोडून धावले. तिच्या हातातला मोजा घेऊन त्यांनीही हुंगला, आणि पुढच्या क्षणी खोकत भिंतीला टेकले. खोकता खोकता तेही हसत होते.

"थांबा," नाकू एकदम म्हणाली. "अजून काहीतरी येतंय. करपल्यासारखं. काका, शर्ट!"

इस्त्री शर्टावर तशीच राहिली होती. पाठीवर तिचा तांबूस ठसा छान उमटला होता. तो शर्ट मालकीणबाईंच्या यजमानांचा निघाला, म्हणून निभावलं.

गलका ऐकून मालकीणबाई आल्या. एक मुलगी मोजे कवटाळून हसतेय आणि तीस वर्षं तोंडातून शब्द न काढणारा माणूस जळका शर्ट हातात धरून उड्या मारतोय. त्यांनी काही विचारलं नाही. मनगट पुढं केलं. "बोल."

नाकूनं हुंगलं. "गुलाब. आणि खाली काहीतरी लाकडासारखं." तिला राहवेना. "बाई, फार झालाय."

"फार झालाय?" मालकीणबाईंनी मनगट स्वतःच्या नाकाशी नेलं. वाफकाका छताकडं बघू लागले. "मग इतके दिवस कुणी बोललं का नाही? बरं ते असू दे. तू आज घरी जा. नाही, घरी नको जाऊस, आधी भटकून ये. सगळं हुंगून ये. आणि ते मोजे खाली ठेव."

नाकू रस्त्यावर आली आणि तिला कळेना कुठून सुरुवात करू. पाववाल्याच्या दारात ती इतका वेळ उभी राहिली की त्यानं न मागता एक गरम पाव हातावर ठेवला. औषधांच्या दुकानात ती काहीही न घेता आत जाऊन बाहेर आली. वह्यांच्या दुकानात कोरी वही उघडून तिनं चेहरा आत घातला. दुकानदार चष्म्यावरून बघत राहिला. "पानं मोजायची असतील तर हातानं मोजा, ताई." नाकूनं खोडरबरही हुंगून बघितलं आणि एकदम तिसरीच्या वर्गात जाऊन आली. पुढं एका घराचं बांधकाम चाललं होतं, तिथं ओल्या सिमेंटचा वास होता. चांभाराकडं बुटांच्या पॉलिशचा होता. गटाराचासुद्धा होता, आणि तिनं गटारालाही मनातल्या मनात नमस्कार केला.

बसथांब्यावर एक बाई तान्हं बाळ घेऊन बसली होती. नाकू शेजारी टेकली, चुळबुळली, आणि शेवटी म्हणाली, "रागावू नका हं. बाळाचं डोकं हुंगू का? एकदाच."

बाईनं तिच्याकडं खालपासून वरपर्यंत पाहिलं. वेडी आहे का, बाळ घेऊन पळेल का, असा सगळा हिशेब तिच्या तोंडावर दिसत होता. पण नाकूच्या डोळ्यांत असं काहीतरी असावं की तिनं टोपडं मागं सरकवलं. नाकूनं वाकून श्वास घेतला. दूध, झोप आणि ऊबदार कापूस.

"नऊ महिने वास नव्हता हो मला," ती म्हणाली, आणि आता मात्र रडली. बाईची बस आली आणि गेली. बाई उठली नाही. तिनं पिशवीतून रुमाल काढून दिला, आणि म्हणाली, "घ्या अजून. संध्याकाळपर्यंत घ्या. ह्याचं काय जातंय?"

घरी पोचल्यावर किल्लीनं दार उघडलं आणि नाकू उंबऱ्यातच थबकली. आपल्या घराला वास असतो हे तिला आजवर माहीतच नव्हतं. कुणालाच नसतं. आपण त्यातच राहतो, मग तो येणार कसा? पण आज ती पाहुण्यासारखी दारात उभी होती आणि घर तिच्या अंगावर धावून आलं. पॉलिश, जुने पेपर, ओला टॉवेल, आईचा साबण, आणि या सगळ्यांच्या खाली काहीतरी ऊबदार, ज्याला नावच नव्हतं.

"लवकर कशी आलीस?" आई घाबरून बाहेर आली. "काढलं का काय कामावरनं?"

"आई, आपल्या घराला वास येतो!"

"कसला वास?" आईच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. "सकाळीच फरशी पुसलीय मी! दुसऱ्यांची घरं बघ जाऊन..." हातातलं फडकं खाली पडलं. "काय म्हणालीस?"

पुढचा अर्धा तास दोघींनी स्वयंपाकघरातला एकेक डबा उघडला. आई झाकण काढायची, नाकू डोळे मिटून ओळखायची. मिरपुडीच्या डब्यावर ती सात वेळा शिंकली आणि आईनं प्रत्येक शिंक मोजली.

संध्याकाळी बाबांची पावलं जिन्यात वाजली. नाकू दाराआड उभी राहिली आणि आतूनच ओरडली, "आज टर्पेंटाइन नाही, लाखेचं पॉलिश! आणि लाकूड सागवान!"

बाहेर पावलं थांबली. मग बाबांचा आवाज आला, जरा चिरकलेला. "सागवान नाही. शिसम."

तिनं दार उघडलं तर ते पायरीवर बसले होते, बूट हातात घेऊन. त्यांनी वर बघितलं आणि सवयीनं विचारलं, "आला?"

"आला, बाबा."

त्या दिवशी बाटल्या काढायचं कुणाला सुचलंच नाही.

सगळे वास काही एकदम परत आले नाहीत. आले तेही सरळ आले नाहीत. कॉफीला कितीतरी दिवस जळक्या टायरचा वास येत होता, आणि कांदा भलताच गोड झाला होता. नाकू महिन्याभरात काउंटरवर परतली खरी, पण संशय आला की कपडा घेऊन मागच्या खोलीत जायची. "काका, गंज ना हा?" वाफकाका हुंगून म्हणायचे, "गंज." की पुन्हा गप्प. मालकीणबाईंनी सेंट कमी केला, आणि कमी केलाय हे रोज सगळ्यांना ऐकवलं.

नाकूला मात्र एक नवीनच खोड लागली. काहीही छान वाटलं की ती थांबायची. काम अर्धं, बोलणं अर्धं, तशीच.

परवाच्या रविवारी ती गच्चीत धुतलेल्या चादरी काढायला गेली ती खाली येईना. आई बघायला वर आली. दोन चादरींच्या मधून नुसते पाय दिसत होते.

"अगं, चहा गार होतोय!"

"आई, इकडं ये. उन्हाला वास आहे."

"उन्हाला कसला आलाय वास? येडी कुठली." पण आई आली, चादरीला नाक लावलं, आणि तिचे खांदे सैल पडले. दोघी तशाच उभ्या राहिल्या.

पलीकडच्या गच्चीतल्या शेजारीणबाई कपडे वाळत घालता घालता थांबल्या. "काय हो, काही हरवलं का?"

"नाही, नाही," चादरीतून आईचा आवाज आला. "तुमचं चालू द्या."

शेजारीणबाईंनी थोडा वेळ वाट पाहिली. इकडंतिकडं बघितलं, कुणी नाही अशी खात्री केली, आणि दोरीवरचा कालचा वाळलेला टॉवेल ओढून हळूच नाकाशी धरला.