दादाचा डावा गाल

कापड सुकलंय की नाही हे हाताला कळत नाही, गालाला कळतं, असं आमचा दादा म्हणायचा. आमचं कपडे रंगवून देण्याचं दुकान होतं. विटलेले कोट, गुडघ्यावर पांढरट पडलेल्या पँटी, डाग न जाणारे टेबलक्लॉथ असं काय काय लोक घेऊन यायचे. मी काउंटरवर बसायचे आणि दादा मागच्या अंगणात वाफाळत्या हंड्यापाशी. वर्षानुवर्षं गरम पाण्यात बुडवून त्याचे हात इतके निबर झाले होते की चहाचा कप त्याला कधी गरमच लागायचा नाही. म्हणून दोरीवरच्या कपड्याची परीक्षा तो गालाने घ्यायचा. मान वाकडी करायची, डोळे मिटायचे, डावा गाल कापडाला टेकवायचा आणि जरा थांबायचं. मग निकाल द्यायचा, "अजून तासभर," नाहीतर "घ्या काढून." हे बघायला गिऱ्हाइकं मुद्दाम अंगणात यायची. मला तो सगळा नाटकीपणा वाटायचा, पण दादा कधी चुकला नाही. त्यामुळे मला गप्प बसावं लागायचं, आणि गप्प बसणं माझ्या स्वभावात नाही.

दुकानाच्या दारावर त्याने स्वतःच्या हाताने पाटी रंगवली होती: "इथला रंग उडत नाही." त्या पाटीवर त्याचा भारी जीव. दर आठवड्याला ती ओल्या फडक्याने पुसायचा. माझ्या वाढदिवसाची आठवण मात्र त्याला मीच करून द्यायची.

तर अशा या दादाच्या तोंडावर शेचाळिसाव्या वर्षी मुरुमं उठली. एखादं नव्हे, चांगली भरघोस, आणि नेमकी डाव्या गालावर जास्त. दादाचं लग्न राहून गेलेलं. माझं झालं होतं आणि मोडलंही होतं, त्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही. घरात आम्ही दोघंच. एरवी नाकावर टोमॅटो उगवला असता तरी दादाने आरशात पाहिलं नसतं. पण आता तो चमचा उलटा धरून त्यात गाल बघायला लागला, तेव्हाच मी ओळखलं की पाणी कुठे मुरतंय.

आमच्या समोर बटणांचं दुकान होतं. ते एक बाई नवरा गेल्यापासून एकट्याच चालवायच्या. सगळी गल्ली त्यांना बटणवाल्या बाई म्हणायची. दादा रोज संध्याकाळी तिथे बटणं आणायला जायचा. आता कपडे रंगवणाऱ्या माणसाला बटणं लागतात कशाला? पण विचारायची सोय नव्हती. घरात लोणच्याच्या, जॅमच्या, कॉफीच्या बरण्या बटणांनी भरल्या होत्या. एकदा साखर म्हणून मी चहात पांढरी बटणं घातली.

मी दादाची खूप टिंगल करायचे, पण मनातून मला भीती वाटत होती. घर दोघांचं होतं. तिसरं माणूस आलं की कोणीतरी जास्तीचं होणार, आणि ते कोण हे मला चांगलं ठाऊक होतं.

शेवटी मीच त्याला डॉक्टरीणबाईंकडे नेलं, कारण चमचे धुवून धुवून माझा जीव मेटाकुटीला आला होता. त्या म्हणाल्या, "तारुण्यपीटिका आहेत. या वयातही येतात काही जणांना." मला तिथेच हसू फुटलं. दादाने माझ्याकडे असं पाहिलं की मी बाहेर जाऊन बसले. त्यामुळे पुढचं मला दादाच्या तोंडूनच कळलं, आणि तिथेच सगळा घोळ झाला.

डॉक्टरीणबाईंनी एक क्रीम दिलं होतं. रात्री झोपताना, मटाराच्या दाण्याएवढं, अगदी पातळ लावायचं आणि सकाळी धुवून टाकायचं. शिवाय उशीला पांढरा अभ्रा घालायचा.

"पांढरा कशाला?" मी विचारलं.

"बाईंना वाटलं आपल्या घरच्या अभ्र्यांचा रंग गालाला लागेल!" दादा लालबुंद झाला होता. "मला! माझ्याच तोंडावर! मी म्हटलं, बाई, माझा रंग कोणाला लागत नाही. त्या पुढे काहीतरी सांगत होत्या, पण मी ऐकूनच घेतलं नाही. उठून आलो."

आणि खुन्नस म्हणून त्याने कपाटातला सर्वांत गडद निळा अभ्रा काढला. स्वतः रंगवलेला.

क्रीम लावायची त्याची तऱ्हाही स्वतःची. पहिल्या रात्री मटाराएवढं लावलं. गाल चुरचुरला तसा खूश झाला, म्हणाला, "धरतंय." मग त्याच्यातला कारागीर जागा झाला. एका हातात कुठला रंग बसतो? दोन हात तरी मारावे लागतात. म्हणून तो सकाळीही लावायला लागला, आणि तेही मटार सोडून चांगलं लिंबाएवढं. गाल आधी लाल झाला, मग कोरडा पडला, मग त्याचे पापुद्रे सुटायला लागले. हसला की गाल ताणायचा, म्हणून त्याने हसणं बंद केलं. गिऱ्हाइकांना वाटायचं याच्या घरी कोणीतरी गेलं.

"अरे, कमी लाव," मी म्हणायचे.

"तुला यातलं काय कळतं? जुना थर निघाल्याशिवाय नवा चढत नाही."

पण खरं सांगते, मुरुमं बसायला लागली. पापुद्र्यांखालून बरा चेहरा निघत होता. दादा शीळ घालत बटणं आणायला जायला लागला, आणि माझी भीती वाढत गेली.

मग अभ्रा विटला. गडद निळ्यावर मधोमध एक फिकट, गुलाबीसर डाग. दादा अभ्रा हातात धरून पलंगावर नुसता बसून राहिला. मग ताडकन उठला आणि शेजारच्या लाँड्रीवाल्याकडे गेला, कारण आमचे पलंगाचे कपडे तिथे धुवायला जायचे.

"तू ब्लीच घातलंस."

"मी कशाला घालू?"

"मग माझा रंग उडाला, असं म्हणायचंय तुला?"

लाँड्रीवाला मुळातच चेष्टेखोर. तो म्हणाला, "मी कुठे म्हणतोय? अभ्रा म्हणतोय." त्यानंतर दोघांचं बोलणं बंद झालं.

पाठोपाठ एका वकिलाचा काळा कोट परत आला, छातीवर तांबूस डाग पडलेला. मग एका शिक्षिकेचा हिरवा स्कर्ट. दोन्ही कपडे दादाने पुन्हा रंगवून दिले, पण त्याचं जेवणावरचं लक्ष उडालं. पाणी बदललं, रंग पक्का बसायला घालतात ते मीठ बदललं, हंडा घासघासून पातळ केला. रोज कपडे आणखी काळजीने तपासायला लागला. म्हणजे काय, तर गाल आणखी वेळ टेकवून ठेवायला लागला.

अशात नाट्यगृहाच्या पडद्याचं काम आलं. रंगमंचाचा तो भला मोठा सुती पडदा पार भुरकट झाला होता, तो गडद निळा करायचा होता. मॅनेजर साहेबांनी बजावलं, "हे काम नीट झालं तर आमचे सगळे पडदे, खुर्च्यांची कापडं, कलाकारांचे कपडे, सगळं तुमच्याकडे. पण उडालेल्या रंगाच्या गोष्टी कानावर आल्यात माझ्या." घरी येऊन दादाने पाटी पुसली आणि म्हणाला, "यात चूक झाली तर ही पाटी मी उतरवीन." तो हे गमतीने म्हणत नव्हता.

पडदा तुकड्यातुकड्यांनी रंगवला. तुकड्यांना इस्त्री लाँड्रीवाल्याने केली, कारण एवढी मोठी इस्त्री दुसऱ्या कोणाकडे नव्हती. ते जोडून वर कड्या शिवायचं काम बटणवाल्या बाईंनी घेतलं. शिवणीपाशी अजून दमट होता, म्हणून पडदा नाट्यगृहातच टांगून सुकवायचं ठरलं. सकाळी दादा रंगमंचाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत गेला, दर दोन पावलांवर थांबला, डोळे मिटले, गाल टेकवला. शेवटी म्हणाला, "झालं. फर्स्ट क्लास."

दुसऱ्या दिवशी मॅनेजर साहेबांचा निरोप आला की सगळ्यांनी ताबडतोब यावं. आम्ही गेलो तेव्हा रंगमंचावरचे दिवे लावलेले होते. निळ्याशार पडद्यावर या टोकापासून त्या टोकापर्यंत फिकट डागांची रांग होती. सगळे डाग सारख्याच उंचीवर.

"हेच का ते रंग न उडणारं दुकान?" साहेब म्हणाले.

दादाने लाँड्रीवाल्याकडे बोट दाखवलं. "याच्या इस्त्रीत काहीतरी आहे."

"माझी इस्त्री रांगेत डाग पाडते?" लाँड्रीवाला म्हणाला. "शाळेत जाते का ती?"

दादा पडद्याजवळ गेला. काही सुचेनासं झालं की तो तेच करायचा जे जन्मभर करत आला होता. त्याने मान वाकडी केली, डोळे मिटले आणि डावा गाल पडद्याला टेकवला. गाल डागावर असा चपखल बसला की जणू मापच घेऊन पाडला होता.

"तसेच थांबा," साहेब म्हणाले.

माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. अभ्रा, कोट, स्कर्ट, सगळं ओळीने डोळ्यांपुढे आलं. "दादा, ते क्रीम!" मी ओरडले. "डॉक्टरीणबाई पांढरा अभ्रा म्हणाल्या तो तुझ्या गालासाठी नव्हे रे, अभ्र्यासाठी! तुझं क्रीमच रंग खातंय!"

दादा पडद्यापासून बाजूला झाला. भर सभेत कोणी कपडे काढून घ्यावेत तसा त्याचा चेहरा झाला होता. "मुरुमांचं आहे," तो खाली बघत म्हणाला.

साहेब हसले, आणि ते हसणं मला मुळीच आवडलं नाही. "मुरुमांच्या मलमाने कधी पक्का रंग जातो? सबब तरी बरी शोधा. तुमचा रंगच कच्चा आहे, हे कबूल करा आणि मोकळे व्हा."

कच्चा हा शब्द दादाला आजवर कोणी ऐकवला नव्हता. तो बाहेर जायला वळला. मला कळलं, हा आता जाऊन पाटी उतरवणार.

"थांबा," बटणवाल्या बाई म्हणाल्या.

त्या आतापर्यंत कोपऱ्यात सुईदोरा घेऊन उभ्या होत्या. इतक्या उकाड्यात अंगावर शाल गच्च लपेटलेली. मघाशी मी मनात म्हटलं होतं, या बाईंना ताप आलाय की काय. त्यांनी शाल काढली. आत पातळ निळा स्वेटर होता आणि त्याच्या उजव्या खांद्यावर फिकट डाग. तोच रंग, तेवढाच आकार.

"हा मी तयार विकत घेतलेला आहे," त्या म्हणाल्या. "यांच्या हंड्यात कधी पडलेला नाही. मोठ्या कारखान्याचा रंग आहे, तोसुद्धा गेला. मग यांचाच कच्चा कसा?"

साहेब जवळ जाऊन बघायला लागले. "बरोबर आहे," ते म्हणाले. "पण मग खांद्यावर हा डाग..." आणि मध्येच थांबले. तिथे उभ्या असलेल्या सगळ्यांनी आपापला हिशेब केला. दादाचा उजवा गालही आता डाव्याइतकाच लाल झाला.

लाँड्रीवाल्याने मात्र तोंड उघडलंच. "काय दादा, बाई सुकल्यात का बघत होतात?"

मला वाटलं, बाई आता रडतील नाहीतर निघून जातील. पण त्यांनी शाल नीट घडी करून हातावर टाकली. "बटणं निवडता निवडता डुलकी लागली त्यांना," त्या म्हणाल्या. "दिवसभर हंड्यापाशी उभे असतात. बाकावर शेजारी बसले होते, मान कलली. दिवे लागेपर्यंत मी हलले नाही."

"मग उठवायचं ना!"

"का उठवू?"

मी त्या बाईंकडे बघत राहिले. मीही दादाला रोज बघत होते, पण तो इतका दमतो हे माझ्या कधी लक्षात आलं नव्हतं. मी त्याला गप्पा मारता मारता डुलकी लागली की कोपराने ढोसायचे. मला लाज वाटली, आणि जी भीती मी इतके दिवस धरून बसले होते ती कुठल्या कुठे गेली.

साहेबांनी घसा साफ केला. "या बाई तुमच्या कोण?"

दादा खिशातली बटणं चाचपायला लागला. बाई सुईदोऱ्याकडे बघायला लागल्या. या दोघांवर सोडलं असतं तर घरात आणखी शंभर बरण्या भरल्या असत्या.

"माझी वहिनी," मी म्हटलं.

पडदा आम्ही पुन्हा रंगवला. सुकला की नाही हे त्या वेळी वहिनींनी बघितलं, स्वतःच्या गालाने, आणि दादा मागे उभा राहून चुका काढत होता. पाटी जागेवरच राहिली. क्रीम आता रात्रीच लागतं, मटाराएवढंच, आणि उशीला पांढरा अभ्रा असतो.

एकच गोष्ट दादाला अजून सलते. तो स्वेटर वहिनी सगळीकडे घालून जातात आणि खांद्यावरचा डाग गल्लीभर मिरवतात. दादा कितीदा म्हणाला, "द्या इकडे, असा निळा करून देतो की कुठे डाग होता ते सापडायचं नाही." दुकान उघडल्यापासून तो एवढा कोणाच्या मागे लागला नसेल. वहिनी काही देत नाहीत.