निरोगी म्हणून ठेवलेला स्कॅन

आमच्या साडूंइतका दुसऱ्यांच्या पोटात डोकावलेला माणूस उभ्या पुण्यात सापडायचा नाही. चाळीस वर्षं रेडिओलॉजिस्ट. माणसाचं नाव विसरतील, त्याची किडनी विसरणार नाहीत. माझ्या मुलीच्या लग्नात विहीणबाई नमस्काराला वाकल्या, तर हे भर मांडवात म्हणतात, "डावीकडचा खडा पडला का हो?" मी गार! विहीणबाई मात्र खूश. डॉक्टरांनी आठवण ठेवली म्हणे. गुडघेदुखीवर मनानेच गोळ्या घेऊन किडन्यांची वाट लावणाऱ्या पेशंटला ते असं झापायचे, की बाहेर बसलेले दोघं-तिघं आपापल्या गोळ्या खिशात लपवत. आणि स्वतः? रोज सकाळी पर्वती चढून यायचं आणि चहाबरोबर तीच गोळी, बिस्किट खावं तशी. वर्षानुवर्षं! मी एकदा बोलून पाहिलं. "तुम्ही बँकेत होतात ना?" एवढंच म्हणाले. संपला विषय.

निवृत्तीनंतर खराडीतल्या एका कंपनीने त्यांना बोलावलं. स्कॅनवरून किडनीचा आजार ओळखायला कॉम्प्युटरला शिकवायचं होतं. साडूंनी शेकडो स्कॅनवर किडनीची कड माउसने आखून द्यायची, ते बघून बघून मशीन शिकणार. यांनी मशीनचा विद्यार्थीच करून टाकला. चुकलं की, "गाढवा, ते लिव्हर आहे!" बरोबर आलं की नुसतं, "हं." सत्तरीचा माणूस घरी बसून पडद्यावर डोळे वटारतोय हे बघून मला घेरीच यायची बाकी होती.

मग यांनी त्याची परीक्षा घ्यायची ठरवली. मित्राच्या सेंटरमध्ये स्वतःचाच स्कॅन काढला, नाव पुसलं आणि वर 'निरोगी' लिहून बाकीच्या स्कॅनमध्ये सरकवून दिला. स्वतः उघडूनही बघितला नाही. मित्राला तर, "रिपोर्टची तसदी घेऊ नकोस," म्हणून सांगितलेलं. सत्तरीची किडनी दिसली की मशीन ती आजारीच ठरवणार, ही यांची खात्री; ती फजिती बघायला मला मुद्दाम खराडीला नेलं.

तिथली इंजिनिअर मुलगी म्हणाली, "सर, वर 'निरोगी' लिहिलंय, पण मशीन या पेशंटच्या दोन्ही किडन्या आकसल्यात म्हणतंय. आजार बराच पुढे गेलाय."

"मूर्ख आहे ते. हा माणूस रोज पर्वती चढतो."

"तुम्ही ओळखता यांना?"

साडूंनी तिच्या हातातला माउस ओढून घेतला आणि कड स्वतः आखली. किडनीच्या मापाचा आकडा मशीनने काढलेलाच आला. पुसून पुन्हा आखली. मनात आणलं असतं तर चार रेषा बाहेर ओढून किडनी मोठी करता आली असती; पण हात खोटं बोलेना. तिसऱ्यांदा आखून झाल्यावर माउस खाली ठेवून म्हणाले, "बरोबर आहे त्याचं. स्कॅन माझा आहे."

मी हबकलोच. ती पोरगी तर तोंडावर हात ठेवून उभी राहिली. मला वाटत होतं, या माणसाने आत्ता भांडावं, कोणालातरी गाढव म्हणावं. ते शांतपणे चष्मा पुसत राहिले.

दुसऱ्या दिवशी किडनीच्या डॉक्टरकडे गेलो. बायकोला सांगायचा धीर त्यांना झाला नव्हता, म्हणून सोबत मी. बाकावर फाइल मांडीवर घेऊन बसले होते. आतून त्यांचं नाव पुकारलं. ते जागचे हलले नाहीत. जन्मभर आत बसून दुसऱ्यांची नावं पुकारलेली. आपलंही कोणी पुकारील हे त्यांच्या ध्यानातच येईना. दुसऱ्यांदा पुकारलं, तेव्हा मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला.

"चला," मी म्हणालो, "आपलाच नंबर आहे."