स्प्रिंग कशानं बुजली

यांच्या हृदयात टाकलेली स्प्रिंग वर्षाच्या आतच बुजली, तेव्हा डॉक्टरांच्याही आधी निकाल लावला तो आमच्या मोठ्या नणंदबाईंनी. हॉस्पिटलच्या लिफ्टमधून बाहेर पाऊल टाकलं नाही तोच, "काय खाऊ घालत होतीस गं त्याला?"

स्प्रिंग म्हणजे स्टेंट. आमच्यात सगळे स्प्रिंगच म्हणतात. हे चाकणला कारखान्यात, पत्रा दाबायच्या प्रेस शॉपमध्ये कामाला. पहिल्या शिफ्टला जाताना कंपनीच्या बसमध्येच घामाघूम झाले आणि लोकांनी तसंच उचलून दवाखान्यात नेलं, तेव्हा घाईघाईत ती बसवली होती. घरी सोडताना सांगितलं, तेल कमी, मीठ कमी. मी कमी कसलं करते, जवळजवळ बंदच केलं. दोघांसाठी दोन स्वयंपाक कोण करणार, म्हणून मीही तेच अळणी गिळत होते. संत तुकाराम नगरातल्या आमच्या घरात फोडणीचा वास यायचा तो शेजारणीच्या खिडकीतून.

आमच्याकडे आजारी माणसाला बघायला आलेली बाई आधी पेशंटपाशी बसते आणि मग पाणी प्यायच्या निमित्तानं स्वयंपाकघरात शिरते. पुरुष आजारी पडला की चौकशी बाईच्या कढईची, ही रीतच आहे. नणंदबाईंनी तर तेलाचा डबा उचलून हलवून पाहिला होता. आणि दिवाळीत हेच भाऊराया भोसरीला त्यांच्या घरी बसून चकल्यांवर चकल्या फस्त करत होते, ते? ते बहिणीच्या हातचं तेल हो, ते कशाला बाधेल!

त्यांचं मी मनावर घेतलं नसतं. पण मुलगा मारुंजीहून आला, सुनेचा निरोप सांगितला, आणि मग हळूच म्हणाला, "आई, गोळ्या रोज देत होतीस ना?" हे मात्र खोल लागलं. हे तिथंच पलंगावर होते. सगळं ऐकत होते. छताकडे बघत पडून राहिले, एक शब्द बोलले नाहीत.

अँजिओग्राफीत एवढंच कळलं की स्प्रिंगच्या आतच नस अरुंद झाली आहे. का झाली, ते कळेना. डॉक्टर म्हणाले, "अँजिओग्राफीत आम्हाला सावली दिसते, मावशी. खरं कारण बघायचं तर नसेच्या आत बारीक कॅमेरा घालावा लागेल." मी म्हटलं, घाला. म्हटलं खरं, पण सगळे मिळून चोर म्हणायला लागले की आपणच आपले खिसे चाचपतो. मला संक्रांतीची गुळपोळी आठवली. तिच्यावर मी तूप सोडलं होतं, यांनी मागितलं म्हणून. तेच तूप आत चिकटून बसलेलं दिसलं तर? मग जन्मभर तोंड वर करायची सोय नाही.

कॅमेरा घालायच्या वेळी मी एकटीच होते. नणंदबाई घरी गेल्या होत्या आणि मुलगा हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये अडकला होता. थोड्या वेळानं मला आत बोलावलं. काचेपलीकडे हे झोपलेले, अलीकडे टीव्हीसारखा पडदा. पडद्यावर एक वर्तुळ, आणि त्यात पांढरे पांढरे ठिपके.

"हे ठिपके म्हणजे स्प्रिंगच्या तारा," डॉक्टर म्हणाले. "सगळीकडून सारख्या उघडायला हव्या होत्या. या बाजूला बघा, चेपलेल्या आहेत. इथं नसेच्या भिंतीत चुना साठून दगड झालाय. त्यानं स्प्रिंग पहिल्या दिवसापासून पूर्ण उघडूच दिली नाही. जागा मुळातच कमी, त्यात आतून पेशी वाढत गेल्या आणि ती बुजली. आता जास्त दाबाचा फुगा घालून ती नीट उघडतो."

"जेवणानं नाही ना झालं?"

"नाही हो. तुमच्या जेवणानं तारा चेपतात होय?"

"आणि गोळ्या?"

"त्या नीट दिल्यात म्हणून तर इथवर निभावलं."

अगंबाई! मी तिथं उभ्या उभ्या रडले. कुणीतरी खुर्ची सरकवली.

बाहेर येऊन आधी नणंदबाईंना फोन लावला. सगळं सांगितलं, दगड, तारा, सगळं. त्या म्हणाल्या, "देवच पावला गं बाई! बरं, आता तरी जरा बघून घालत जा त्याला." मुलगा म्हणाला, "चला, बरं झालं. आई, मी अजून चौकातच आहे, ठेवतो." झालं. एवढ्या मोठ्या गावात माझी सुटका झाल्याचं ऐकणारं एक माणूस मला सापडेना.

संध्याकाळी यांना वॉर्डात आणलं. चेहऱ्यावर रंग आला होता. छातीतलं ओझं उतरलं म्हणाले. मी उशी सारखी केली आणि म्हटलं, "डॉक्टर म्हणाले, खाण्यापिण्याचा काही संबंध नाही. गोळ्यांचाही नाही."

"मला ठाऊक होतं," हे म्हणाले.

"काय ठाऊक होतं?"

"तुझी चूक नाही ते. किती पाळत होतीस ते रोज डब्यात मीच खात होतो की."

"मग ताई बोलत होत्या तेव्हा?"

"जाऊ दे ना. मोठी आहे ती. तिला कुठं उलटून बोलायचं."

आणि डोळे मिटून घेतले. निवांत झोपही लागली त्यांना.

मी शेजारी बसून होते. इतके दिवस मला वाटत होतं, यांनाही माझाच संशय येतोय, म्हणून हे गप्प आहेत. तसं असतं तर मी कधीच माफ करून टाकलं असतं.