पिचरचा उजवा हात

डॉक्टर मॅडमनी खिशातून टेप काढला आणि संदीपच्या दोन्ही दंडांचं माप घेतलं. उजवा दंड चार सेंटीमीटर जाड भरला. "हे स्नायू नाहीत, सूज आहे," त्या म्हणाल्या. मी चाकणच्या एका कारखान्यात क्वालिटीला आहे. दिवसभर गेज लावून पार्ट तपासते, केसभर फरक असला तरी रिजेक्ट करते. घरातला हा फरक मला महिनाभर दिसला नव्हता. खरं सांगायचं तर दिसला होता, आणि मला त्याचा अभिमान वाटला होता.

संदीप माझा नवरा. लग्नाआधी आम्ही एकाच कंपनीत होतो, म्हणून मी त्याला नावाने हाक मारते. सासूबाईंसमोर तेवढं 'अहो'. तो बेसबॉलचा पिचर, म्हणजे चेंडू फेकणारा. परभणीकडच्या गावात भालाफेक करायचा, शाळेतल्या सरांनी हातात बेसबॉल दिला. राज्याकडून खेळला, नॅशनल खेळला, आणि पुढे एका व्यावसायिक संघाने त्याला करारावर घेतलं. खेळणं हीच नोकरी. मोशीतल्या आमच्या गल्लीत आधी बेसबॉल म्हणजे काय ते सांगावं लागायचं, मग त्याचा पगार मिळतो हे. दुसरी गोष्ट कुणाला पटायची नाही.

दोन हंगाम झाले होते. तिसऱ्याची निवड तोंडावर आली, तसा तो रोज हात गळून जाईपर्यंत फेकू लागला. जर्सीची उजवी बाही दंडाला काचायला लागली, खांद्यावर शिरा उमटल्या. मैदानावरचे म्हणायचे, "भावा, काय हात कमावलाय राव!" संध्याकाळी मात्र हात जड व्हायचा, बोटं निळसर दिसायची.

"दाखवून येऊ या," मी म्हटलं.

"काई नाई गं. पिचरचा हात असाच ऱ्हातो. कोच सरांला बोलू नको, बसवून ठेवतील."

मीही शहाणी, ऐकलं. बाहीची शिवण उसवून सैल करून दिली, आणि रोज संध्याकाळी कोमट तिळाच्या तेलाने हात चोळू लागले. होती नव्हती ती ताकद लावून.

एका सकाळी तो जिन्यात मध्येच बसला. श्वास पुरेना, खोकल्यातून रक्त आलं. शेजाऱ्यांच्या रिक्षातून पिंपरीला हॉस्पिटलात आणला, आणि मग तो टेप.

"हाताला मालिश वगैरे केली होती का?" मॅडमनी विचारलं.

"नाई," संदीप ऑक्सिजनच्या मास्कमधून म्हणाला. माझ्याकडे बघितलंही नाही. मला सांभाळून घेत होता वेडा. आणि मी गप्प राहिले. ते गप्प राहणं मी स्वतःला माफ केलेलं नाही.

आधी डॉपलर झाली. शिरांमधून रक्त कसं वाहतंय ते दाखवणारी ही सोनोग्राफी. मग त्याला सीटी स्कॅनला आत नेलं. मी बाहेर बाकावर बसले. शेजारी एक बाई डबा उघडून पोळी खात होती, मलाही देत होती. माझ्या हातांना अजून तिळाच्या तेलाचा वास येत होता. मी उठले आणि मॅडमना गाठलं. "मी केली मालिश. रोज. कालसुद्धा."

त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी कागदावर लिहून घेतलं आणि समजावलं. डीप व्हेन थ्रॉम्बोसिस, म्हणजे आतल्या मोठ्या शिरेत रक्ताची गुठळी. फेकून फेकून गळ्याखालचं आडवं हाड आणि पहिली बरगडी यांच्यात शीर चेंगरली होती. पल्मनरी एम्बोलिझम, म्हणजे गुठळीचा तुकडा सुटून फुप्फुसात अडकणं. "गुठळी तुमच्यामुळे झाली नाही. मालिशने ती सुटली असेल का? असू शकेल. नक्की कुणीच सांगू शकणार नाही."

सहा दिवस आयसीयू. रक्त पातळ करणारी इंजेक्शनं, नंतर गोळ्या. पुढे ऑपरेशन करून ती बरगडी काढली. शुद्धीवर आल्यावर त्याने एकच विचारलं, "फेकता येईल ना?"

"हात रोजच्या कामाला चांगला राहील. पिचिंग मात्र विसरा. शीर पूर्ण उघडलेली नाही," मॅडम म्हणाल्या. त्याने तोंड भिंतीकडे केलं. संघाने शुभेच्छा कळवल्या. त्यापुढे काही कळवलं नाही.

हे वाचणाऱ्यांना कळकळीने सांगते. एकाच हाताला किंवा पायाला सूज आली, रंग बदलला, तर चोळू नका. त्याच दिवशी डॉक्टरला दाखवा. आणि डॉक्टर विचारतील ते खरं सांगा, आपलीच चूक असली तरी.

संदीप आता एका गोदामात माल मोजायला बसतो. टीव्हीवर कुठलाही खेळ लागला की उठून जातो. परवा जेवताना मी धीर करून विचारलं, "माझ्यामुळे झालं, असं वाटतं का रे तुला?"

त्याने घास खाली ठेवला.

"वाटतं. रोज नाई वाटत."

मी ताटावरच रडले. त्याने नाही म्हटलं असतं तर मला पटलं नसतं. त्याला जे रोज वाटत नाही, ते मला रोज वाटतं. पण तो जिवंत आहे, समोर बसून जेवतो, आणि माझ्याशी खरं बोलतो. याचे आभार नेमके कुणाचे मानायचे ते मला कळलेलं नाही, म्हणून मी मॅडमचे मानते.