बिनसाखरेची वडी

माझा हात आधी चालतो, डोकं मागनं येतं. हे मी मोठेपणानं सांगत नाही, पण लपवून तरी काय करू? आमच्या गावात, कन्हेरीत, सगळ्यांना ठाऊक आहे. पाण्याच्या पाळीवरनं शेजाऱ्याला मारलंय, ऊस कमी भरला म्हणून ट्रॉलीवाल्याला मारलंय, आणि इंदापूरच्या एसटी स्टँडवर एका अनोळखी माणसाला, का तर तो रांग मोडून पुढं घुसला. दर वेळी मला मागून कवळ घालून धरायचं काम थोरल्या भावाचं. दादा माझ्याहून नऊ वर्षांनी मोठा. धरलं की कानात एवढंच म्हणायचा, "सोड. माझ्यासाठी सोड." आणि मी सोडायचो. दुसऱ्या कुणाच्या बापाला ते जमलं नसतं.

डोंगर चढायचं वेड मला कॉलेजात लागलं. ऊस तुटून कारखान्याला गेला की मी सॅक पाठीला लावून सह्याद्रीत जायचो, दोन-दोन, तीन-तीन मुक्काम. बरोबरची शहरातली पोरं चकचकीत कागदातले एनर्जी बार आणायची. मी एक खाऊन बघितला. भुसा गोड करून दाबल्यासारखा लागला. म्हटलं, ज्यांच्या रानात भुईमूग आणि ऊस दोन्ही पिकतं त्यांनी हा भुसा विकत घेऊन खायचा? आणि वैनीच्या मागं लागलो.

वैनी म्हणजे दादाची बायको. तिनं पहिली वडी केली गुळाची. ती सॅकमध्ये वितळली, मोज्यांना चिकटली, आणि रात्रभर मुंग्यांनी माझे पाय फोडले. दुसऱ्या वेळी तिनं पाक कडक धरला. ती वडी तंबूच्या खुंट्या ठोकायला चांगली होती. माझ्या दाढेचा कोपराच उडाला. घरी येऊन दाखवलं तर वैनी पदर तोंडाला लावून हसली. "भावजी, ही वडी हाय का इट? कुणाचं तरी टाळकं फुटंल हिनं!"

फुटलंच. पुढच्याच ट्रेकला एकानं माझी वडी दोन बोटांत धरून सगळ्यांना दाखवली आणि विचारलं, "ही खायची, का मारायची?" सगळे खो-खो हसले. मी त्याच्या हातातनं वडी घेतली आणि चार पावलांवरनं त्याच्या तोंडावर फेकली. भुवई फाटली. रक्त डोळ्यात उतरलं तरी माझं भागलं नाही, मी त्याची कॉलर धरून त्याला कड्याच्या दिशेनं ओढायला लागलो. चौघांनी मला खाली पाडून छातीवर गुडघे दिले तेव्हा सुटला बिचारा. त्यानंतर त्या ग्रुपनं मला काढून टाकलं. बरोबर केलं त्यांनी.

दादाला ते कळलं. शिव्या देईल असं वाटलं होतं, तर म्हणाला, "एकटा जाऊ नको डोंगरात. म्या येतो तुझ्यासंगं." त्याला डोंगराची हौस नव्हती. मला धरायला कुणीतरी पाहिजे, एवढाच त्याचा हिशेब.

आता दादाला चार वर्षांपासून साखर. साधी नाही, पोटात सुई घ्यावी लागायची, सकाळ-संध्याकाळ. सात एकर उसाच्या घरात साखरेचा डबा वरच्या फळीवर गेला. पाहुण्यांचा चहा वेगळ्या पातेल्यात. कारखान्याची सभासदाची साखर यायची ती वैनी परस्पर बहिणीकडं पाठवायची. आम्हाला एवढंच कळलं होतं की साखर म्हणजे दादाचं मरण. ती अंगात कमी पडली तरी माणूस जातो, हे डॉक्टरांनी सांगितलं असणार, पण आमच्यात ते कुणाच्या टाळक्यात शिरलं नाही. ज्यांनी जन्मभर साखर पिकवली, त्यांना साखर कमी पडते म्हणजे काय, हे कळायचं कसं?

म्हणून मी ठरवलं, दादाला चालेल अशी वडी करायची. गोडाचा एक कण नको. शेंगदाणे खरपूस भाजले, उखळात तेल सुटेपर्यंत कुटले, त्यात तीळ, जवस, सुकं खोबरं, फुटाण्याचा भरडा आणि मीठ. सगळं ताटात दाबून बसवलं, वर वरवंटा ठेवला. सुरीनं कापली तर धार नीट आली. दुपारभर पत्र्यावर ठेवली, वितळली नाही. दातही शाबूत राहिले. मी खूश! जिंकलोच म्हणा ना.

मोठ्या ट्रेकच्या आधी परीक्षा घ्यायची होती. कन्हेरीपासून कालव्याच्या काठानं इंदापूरच्या बाजूला चालत सुटायचं, पाठीवर बारा-बारा किलोचं ओझं, दोन दिवस. खायला फक्त वडी, प्यायला पाणी. दुसरं काही खाल्लं तर वडीत किती दम आहे ते कळणार कसं? वैनीनं भाकरी बांधल्या होत्या, त्या मी काढून ठेवल्या. मग तिनं दादाच्या सॅकच्या खिशात लिमलेटच्या गोळ्यांची पुडी सरकवली.

"राहू द्या भावजी, डॉक्टरांनी जवळ ठेवायला सांगितल्यात."

"कशाला?"

कशाला ते तिलाही नीट सांगता येईना. मी पुडी उपसून कट्ट्यावर आपटली. "साखरेच्या माणसाला गोळ्या? मारायचाय का त्याला?"

दादा हसला. "जाऊ दे गं. त्याची परीक्षा हाय आज." आणि माझ्यासमोर शर्ट वर करून त्यानं सुई घेतली, रोजच्याएवढी पुरी. विसरला नाही म्हणून मला बरंच वाटलं.

सकाळ झकास गेली. कालव्याला पाणी सुटलेलं होतं, दोन्ही अंगाला ऊस. दर दोन तासाला एकेक वडी, आणि मी वहीत लिहीत होतो, तहान किती लागली, पोट कसं आहे, पाय कसे आहेत. दादा म्हणाला, "वडी चांगली हाय, पर जरा गोड असती तर मजा आली असती." मी म्हटलं, "गोड विसर आता." दुपार झाली तसा तो मागं पडायला लागला. हाक मारली की उशिरानं 'ओ' द्यायचा. मी वहीत लिहिलं, दादा दमला.

एका पुलापाशी म्हणाला, पाणी भरून येतो. पुलाच्या खाली वस्ती, आणि वस्तीच्या तोंडाला गावठी दारूची टपरी. मला ती टपरी दिसली होती. दादा गेला तो अर्धा तास आला नाही. आला तो पाय टाकत आला. एक पाय इथं, एक तिथं. बाटली रिकामीच.

"पाणी कुठंय?" मी विचारलं.

त्यानं मला शिवी दिली. आईवरनं. चाळीस वर्षांत दादाच्या तोंडून ती शिवी मी ऐकली नव्हती. सॅक काढून त्यानं कालव्यात भिरकावली. मग म्हणाला, "तू कोण रं? तू कोण मला चालवणारा?" जीभ जड, डोळे कुठल्या कुठं.

आमचा बाप, आबा, असाच यायचा. पाय असेच पडायचे, बोलणं असंच जड, आणि पहिली शिवी तीच. आल्या आल्या हाताला लागेल ते उचलायचा. पट्टा, उसाचं कांडं, एकदा नांगराची खीळ. मी बारका म्हणून दादा माझ्या अंगावर पालथा पडायचा आणि पाठीवर घ्यायचा. त्या खिळीची खूण अजून आहे त्याच्या खांद्यावर. माझे हात मोठे व्हायच्या आत आबा मेला.

मी दादाला बखोटीला धरलं. "प्यालास? खरं सांग, प्यालास?"

त्यानं हसत हसत माझ्या थोबाडीत दिली.

झालं. मी त्याला पहिली दिली ती उघड्या हातानं, दुसरी मुठीनं. मुठीखाली दात हलल्याचं मला कळलं. थोरल्या भावाला उलटून बोलत नाहीत आमच्यात, आणि मी त्याला गुरासारखा बडवत होतो. तो खाली पडला. मी लाथ घातली. एक नाही, किती ते मी कधी मोजलं नाही. तोंडानं काय बोलत होतो? "तुलाबी तेच शिकवून गेला का त्यो? तुलाबी?" असंच काहीतरी. त्याच्या तोंडाचा वास घ्यायला खाली वाकायचं होतं फक्त. एवढंही मी केलं नाही. मला मागून धरणारा जो एकच माणूस जगात होता, तो माझ्या पायाखाली होता.

पाठीत फाडकन काहीतरी बसलं. मग पुन्हा. शेजारच्या डाळिंबाच्या बागेतली एक म्हातारी ठिबकच्या जाड पाइपाचा तुकडा घेऊन आली होती आणि मला सोलून काढत होती. "मुडद्या! पडल्याला माणूस मारतुस? हात झडत्याल तुझं!"

"मावशे, प्यालाय त्यो! माझाच भाऊ हाय!"

"मग तर अजून घे!" म्हणून तिनं नडगीवर हाणली. मी खाली बसलो. ती दादाजवळ गेली, कपाळाला हात लावला आणि थांबली. दादा घामानं निथळत होता आणि अंग गार पडलं होतं. तिनं तोंडाजवळ नाक नेलं. मी नेलं नव्हतं, तिनं नेलं.

"दारू कुठंय ह्येच्या तोंडाला? साखर हाय का ह्येला?"

"हाय."

"सुई घेतो?"

"व्हय."

"मग मेल्या, साखर उतरलीया ह्येची! माझा मालक असाच करतो. जेवायला काय घातलंस?"

मी माझ्या सॅकमधली वडी काढून दाखवली. तिनं ती हातात घेतली, हुंगली, जिभेवर ठेवली आणि थुंकली. "ह्यात गोड कुठंय?" असं म्हणून ती बागेतल्या शेडकडं पळाली. सत्तरीची बाई, पण काय पळाली! चहाच्या साखरेचा डबा घेऊन आली. दादाच्या गालात चिमूट चिमूट साखर भरून बोटानं चोळायला लागली. तो चावला तिला. रक्त आलं, तरी तिनं बोट काढलं नाही. दुसऱ्या हातानं त्याचा जबडा धरून ती मला म्हणाली, "बघत काय बसलायस? मान धर त्येची, कुशीवर कर."

डाळिंबाचे क्रेट भरून तिचा पिकअप इंदापूरला निघाला होता. निम्मे क्रेट तिनं बांधावर उतरवायला लावले आणि आम्हाला घातलं. वाटेत दादाला झटका आला. हातपाय ताडताड आपटत होते, डोकं क्रेटवर आदळत होतं, आणि मी ते डोकं मांडीत घट्ट धरून बोंबलत होतो. मला देव आठवला नाही, काही आठवलं नाही. फक्त म्हणत होतो, दादा, मरू नको, मला मार पाहिजे तेवढं, पण मरू नको.

दवाखान्यात सलाइन लावलं. डॉक्टरीणबाई तरुण होत्या. म्हणाल्या, "पूर्ण डोस, दिवसभर पायपीट, आणि पोटात गोड काहीच नाही? अजून थोडा उशीर झाला असता तर मला बोलवायची गरज पडली नसती." मग त्यांनी सुजलेला जबडा, पडलेला दात, बरगडीवरचा काळा डाग बघितला आणि माझ्या हाताकडं बघितलं. माझी बोटं सोलली होती.

दादा सकाळी नीट शुद्धीवर आला. पुलाच्या पुढचं त्याला काही म्हणजे काही आठवत नव्हतं. जिभेनं दाताची जागा चाचपली, बरगडीवर हात ठेवला आणि माझ्याकडं बघितलं.

"कुणी मारलं रं मला?"

मी पाण्याचा ग्लास भरायला लागलो.

"तू हुतास की संगं," तो म्हणाला. ओठ सुजल्यामुळं शब्द फुटत नव्हते. "मला येवढं मारलं, आन् तू त्येला सोडलास कसा?"

त्याला खरंच कळत नव्हतं. एवढ्या-तेवढ्यावरनं माणसं फोडणारा माझा भाऊ, आणि आज गप्प कसा? पडला म्हणून सांगितलं असतं तर त्यानं ऐकलं असतं. त्यानं माझं सगळंच ऐकलंय आजवर. पण नाही सांगवलं.

"मीच मारलं, दादा."

साखर उतरली की माणूस प्याल्यासारखा करतो, हे डॉक्टरीणबाईंनी त्याला सकाळीच सांगितलं होतं.

"प्यालेला वाटलो?"

"व्हय."

"आबावानी?"

मी मान हलवली.

"म्हंजे आबाला मारायचं राहिलं हुतं तुझं," दादा म्हणाला, "ते मला मारलंस." त्यानं तोंड भिंतीकडं केलं. "तुझ्या वैनीला तूच सांग. म्या न्हाय सांगायचो."

वैनी जिन्यातच भेटली, हातात पेजेचा डबा, रात्रभर रडून डोळे लाल. पायरीवर उभ्या उभ्या तिला सगळं सांगितलं. काहीही गाळलं नाही, लाथाही सांगितल्या. तिनं डबा पायरीवर ठेवला. लग्न होऊन या घरात आल्यापासून ती मला भावजी, तुमी, असंच म्हणत आलेली बाई. तिनं मला कानाखाली अशी दिली की माझं डोकं भिंतीवर आपटलं. वर-खाली चढणारी माणसं थांबली.

"आता वर येऊ नका, भावजी," ती म्हणाली. डबा उचलला आणि पायऱ्या चढून गेली. अजून एक बसेल म्हणून मी मान खाली घालून तिथंच उभा राहिलो.